पहिलवान जेवत नाही

...आणि वर मलाच म्हणतात, तू फार घाबरतेस. आता तुम्हीच सांगा, घरातलं कुणी अकरा दिवस अन्नाला शिवत नसेल, तर माणसानं घाबरायचं नाही तर काय टाळ्या वाजवायच्या? ते 'कुणी' म्हणजे मासा होता, ही गोष्ट वेगळी. पण जीव तो जीव.

झालं असं, की मासे पाळायचा सल्ला मला आमच्या सरांनी दिला. सर म्हणजे दातांचे डॉक्टर. मी त्यांच्याकडे बाहेरच्या टेबलावर बसते, नावं लिहून घेते, फोन उचलते, आणि आत मशीन सुरू झालं की दचकते. दोन वर्षं झाली, रोज दचकते. पेशंट शांत असतो, मी दचकते. सर म्हणाले, "मासे पाळा. बघत बसलं की मन शांत होतं." गेले मी दुकानात. दुकानदारकाकांनी पिशवीतली सहा बारकी पिल्लं उजेडात धरून दाखवली, सगळी एकजात मळकट पिवळी. "आफ्रिकन सिक्लिड. तिकडच्या मोठ्या तळ्यांतले. दणकट असतात."

"पण यातला कुठला कुठल्या जातीचा?"

"मोठे झाले की कळेल."

मोठे झाले. तुम्हाला सांगते, काहीही कळलं नाही. एक निळा पडला, एकाच्या अंगावर काळे पट्टे आले, तेही सकाळी असायचे, दुपारी जायचे, भांडण झालं की परत हजर. मी सगळ्यात मोठ्या पिवळ्याचा फोटो काढून मासेवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, तर नऊ जणांनी अकरा नावं सांगितली, मग 'हा शुद्ध नाहीच, संकर आहे' यावरून त्यांचीच जुंपली, आणि माझा मासा राहिला बाजूला. काकांना फोन केला तर तेच... मोठे झाले की कळेल. अहो, अजून किती मोठे? लहानपणी मी पुढे कोण होणार असं कुणी विचारलं की आईही हेच म्हणायची. आता सव्वीस पूर्ण झाली. वाट बघतोय सगळे.

बरं, मन शांत करायला आणलेले हे मासे दिवसभर करतात काय, तर एकमेकांच्या अंगावर धावून जातात. दगडांमध्ये एक कपार, तिच्यावरून सहा जणांची भाऊबंदकी. महिन्याभरात दोघं गेले. तेव्हा आईनं जाहीर केलं, "आणखी एक जरी दगावला, तर टाकी माळ्यावर." आई बोलते ते करते. माझं गिटार माळ्यावर आहे. शिवणयंत्र माळ्यावर आहे. माझा स्वभाव सोडला तर माझं सगळंच माळ्यावर आहे. पण टाकी मला हवी होती हो... त्या भांडकुदळांकडे बघत बसलं की दारावरची बेल वाजली तरी मी दचकत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा.

आणि नेमकं तेव्हाच पहिलवानानं जेवण सोडलं. पहिलवान म्हणजे सगळ्यात मोठा पिवळा. शेपटीजवळच्या खालच्या परावर अंड्यासारखे ठिपके दाखवून काकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "हा नर. लिहून ठेवा." मी लिहून ठेवलं होतं. तर हा लिहून ठेवलेला नर कपारीत तोंड खुपसून बसला. गाल टम्म. दाणे नाकासमोरून जातायत, हा बघतसुद्धा नाही, नुसता तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवतोय. बाबा म्हणाले, "तंबाखू खात असेल." मी रडवेली आणि यांना विनोद सुचतात. काकांना फोन केला, काका म्हणाले पाणी बदला. बदललं. गाल तसेच.

अकराव्या दिवशी मी चित्रण केलं आणि क्लिनिकमध्ये सरांसमोर मोबाईल धरला. जबड्याची सूज आहे, मग दाखवायचं कुणाला? खुर्चीत एक आजोबा आ करून पडलेले, तोंडात कापूस. सरांनी भिंगाचा चष्मा खाली ओढला. "सूज वाटत नाही. थांबा, मागे घ्या... इथे डोळे आहेत."

"माशाचेच ना सर?"

"माशाचे वर आहेत. हे तोंडाच्या आत आहेत."

तुम्हाला सांगते, माझ्या कोपराचा धक्का लागून हत्यारांचा अख्खा ट्रे खाली. त्या आवाजानं मी परत दचकले. आजोबा खुर्चीतून "अं आं, अं आं" करायला लागले. सरांना वाटलं दुखतंय, त्यांनी कापूस काढला, तर आजोबा म्हणतात, "अहो, पिल्लं आहेत ती. काही माशांत आई तोंडात सांभाळते. मी टीव्हीवर पाहिलंय. दात काढा आता माझा."

घरी येऊन सांगितलं. आई चालू मिक्सर बंद करून माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे पहिलवान बाळंतीण आहे? ती बिचारी उपाशी, आणि तू दिवसातून चार वेळा तिचे फोटो काढतेस?" मी वाचून दाखवलं, की तिला दचकवलं तर घाबरून ती पिल्लं गिळूनही टाकते. झालं. त्या दिवसापासून बेल बंद, मिक्सर बंद, टीव्ही मुका, आणि बाबांना शिंक आली की ते पळत बाल्कनीत. सव्वीस वर्षं मी या घरात दचकतेय, माझ्यासाठी कुणी कधी कपाटाचं दारसुद्धा हळू लावलं नव्हतं. पण खरं सांगू? त्या दहा दिवसांत मीही एकदासुद्धा दचकले नाही. दचकायला घरात आवाजच नव्हता.

एकविसाव्या दिवशी तिनं तोंड उघडलं. तेवीस पिल्लं. आईनं तीनदा मोजली. "एक कमी झाला तर टाकी माळ्यावर म्हटलं होतं. तेवीस वाढले तर काय करायचं, ते मी ठरवलंच नव्हतं," म्हणाली, आणि जाऊन स्वतः दुसरी टाकी घेऊन आली.

पण दोन टाक्यांत तरी किती मावणार? मी काकांना फोन केला. "काका, पिल्लं परत घ्याल का?"

"घेऊ की. जात कुठली?"

आता बघा, पिल्लांची आई म्हणजे ग्रुपवरची अकरा नावं, बाप तिघांपैकी कोण ते तिलाच ठाऊक, आणि पिल्लं एकजात मळकट. मी म्हटलं, "काका... मोठे झाले की कळेल."

"मग मोठे झाले की आणा," म्हणाले, आणि फोन ठेवला.

बसलेय आता मोठे व्हायची वाट बघत. ते एक असो. पण परवापासून पहिलवान परत जेवत नाहीये.