पुलपिटाखालचा उपदेश

हसा मंग, पण आधी ऐका. बाईनं पुलपिटावर, म्हंजे उपदेशाच्या ओट्यावर, चढून उपदेश करावा का नाही, यावरून आमचं चर्च फुटायले आलं होतं. विरोधात सगळ्यात पुढं सॅमसनकाका. म्हणत, "बायबलात पौलानं साफ लिहून ठेवलं, बाईनं मंडळीत शिकवू नये. ती वर चढली त आमी दुसऱ्या चर्चले जाऊ."

अन् एका रविवारी पाळकसाहेब तापानं पडले. उपदेश करू शकणारं माणूस एकच, पाळकाचं शिक्षण देणाऱ्या सेमिनरीत शिकलेली रूथताई. शेवटी काकानंच तोड काढली, "तिनं पुलपिटावर चढू नये. खाली उभं राहून बोललं त ते साक्ष, वरून बोललं तरच उपदेश."

ताई गुमान खाली उभी राहिली. पण माइक पुलपिटाले पक्का ठोकलेला. काका पहिल्याच बाकावर, कानामागं हात धरून. थोडा वेळ त्याईनं कसातरी काढला, अन् मंग ओरडले, "अवं बाई, वर जाय ना! मले कायीच ऐकू नाई येऊन राहिलं!"

ताई वर गेली. काका शेवटपर्यंत मान डोलावत बसले.

बाहेर निघताना मी इचारलं, "काका, मंग पौलाचं काय?"

काका चपला शोधत म्हणाले, "त्याचे कान धड असतीन. माये नाईत."