तनयाच्या बायोडेटातलं एक वाक्य

नाही नाही, वल्लरी, ते खोडू नकोस, तेवढं एक वाक्य राहू दे! अगं, तू तनयाची मैत्रीण, त्यात इंग्रजीत एम. ए. करतेस, म्हणून तर तुला दिल्लीच्या त्या टोकाहून, मुनिरक्याहून बोलावलं — मला फक्त एवढंच सांग, ‘लाइट ऑन हर फीट’ म्हणजे चपळ, हलक्या पायांची, बरोबर ना? लग्नाच्या बायोडेटात शोभेल ना आमच्या तनयाच्या? हां, बिल्कुल, मग झालं तर! अख्खी नोकरी मिनिस्ट्रीत मसुदे लिहिण्यात गेली माझी, कुठलं वाक्य कुठे टाकायचं ते मला नको शिकवूस.

आता अशी बघू नकोस माझ्याकडे. खोटं कुठाय त्यात? शाळेत खो-खो खेळताना कुणाच्या हाताला लागायची नाही ही पोरगी — खांबाशी अशी गर्रकन वळायची की मागची तोंडावर आपटायची — टाळ्या वाजवून हात लाल व्हायचे माझे! ...हो, माहितेय, अपघाताच्या आधीचं आहे ते. मला काय सांगतेस? ऑपरेशन थिएटरबाहेर मी बसलो होतो. पण काठी घेऊन चालते हे पहिल्याच कागदावर लिहायचं? ते नोएडाचे लोक — त्यांना सगळं खरं खरं सांगितलं फोनवर, तर ‘घरी विचारून कळवतो’ म्हणाले. अजून विचारताहेत! आधी भेटू तर दे यार तिला — हसते कशी, बोलते कशी ते बघू दे — मग सांगू की. काय? तिला विचारलं का? विचारलं ना. म्हणाली, ‘बाबा, म्हणजे मी त्यांच्यासमोर उठायचंच नाही का?’ मी म्हटलं, चहा आई आणेल, तू आपली बसून राहा. तेव्हापासून धड बोलत नाही माझ्याशी. मला कळत नाही का गं? पण बाप आहे मी, भीती वाटते मला.

थांब — खालचं फाटक वाजलं. आलीच ती. अगं, घाबरू नकोस, वेळ आहे अजून, लिफ्ट कुठाय इथे, तीन जिने चढून तिला वर यायला —

पूर्वी फाटक वाजलं की मी चष्मा काढेपर्यंत दारात असायची.

ऐकतेस ना? काठी.

खोड ते. सगळं वाक्य खोड. आणि ऊठ, जा, दार उघड तिला... नाही, नको उघडूस. तिचं ती उघडते.