हातमोजे

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारचा कामगार फोनवर बोलत होता.

“मशीन ठीक होतं साहेब. हातमोजा अडकला. फिरत्या दांड्यानं मोजा ओढला आणि मोज्याबरोबर हात. त्या मशीनवर मोजे घालायचेच नसतात, त्याला पक्कं ठाऊक होतं. आज कुठून घातले कोण जाणे. ठेवतो, वहिनी आल्या.”

“भावजी, काय म्हणाले डॉक्टर?”

“आत आहेत अजून. बसा वहिनी.”

“नव्या मशीनवर ठिणगी नाही, जाळ नाही, असं म्हणायचे ना हे?”

“नाहीच. दांडा नुसता घासत फिरतो, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लोण्यासारखे मऊ होऊन एकजीव होतात.”

“मग लागलं कसं?”

“मशीनच ते, वहिनी.”

“आणि म्हणे, मोजे नकोत! जन्मभर वेल्डिंग केलं, आताच कसे नकोत? आज फाटकापर्यंत धावत जाऊन हातात कोंबले. म्हटलं, माझी शपथ आहे, घाला.”

त्यानं हातातला फोन खिशात सरकवला.

“मोजे होते म्हणून निदान जिवावरचं हातावर निभावलं. हो ना भावजी?”

“हो वहिनी. पाणी आणतो.”

तो नळापाशी गेला. नळ सोडलाच नाही.

“साहेब, मीच. मशीनमधला तो मोजा आधी काढून फेका. वहिनी कधी तिकडे आल्याच, तर दिसायला नको.”