डिक्कीतला आवाज

तुमच्या गाडीतून आवाज आला त तुमी गॅरेजले जाता. आमी बंडूले डिक्कीत टाकलं. आन् तेही त्याच्याचसाठी पोरगी पाहाले अकोल्याहून अमरावतीले जातानी!

नव्या गाडीच्या मागून सारखा 'गडगड, ठक्क' आवाज येऊन राहिला होता. बंडू माझा धाकटा भाऊ, स्वतःले अर्धा मेकॅनिक समजते. म्हणे, "दादा, मी आत झोपून ऐकतो, तू चालव."

बडनेऱ्याजवळ आतून ओरडला, "सापडला! नारळ हाय, नारळ!"

मी म्हटलं, "फेक बाहेर."

"खबरदार!" बाजूले बसलेली आई कडाडली. "गाडीच्या पूजेचा हाय तो. ठेवला तिथून हालवाचा नाही."

"पण आई, हा घरंगळून राहिला ना!"

"मंग धरून बस. पाहुण्याच्या दारात खडखड नको."

अमरावतीपर्यंत गाडी एकदम शांत.

पोरीचे वडील दारात आले. "पोरगा कुठी हाय?"

मी गुपचूप डिक्की उघडली. आत घामाघूम बंडू, पोटाशी नारळ.

वडिलांचा चेहराच खुलला. "वा! तुमी त पक्कं कराले नारळच घेऊन आले!" म्हणत त्यायनं हात पुढं केला.

आई मधात आली.

"पोरगा घ्या. नारळ गाडीचा हाय."