भाऊंनी निवडलेलं क्रेडिट कार्ड

क्रेडिट कार्ड काढायला भाऊंना, म्हणजे वडिलांना, सोबत नेलं ही माझीच चूक, बरं का. आम्ही जैन, बोदवडला आमचं कृषी केंद्र. जळगावातल्या दोन बँकांची कार्डं मी आठवडाभर ताडून पाहिली. एकीच्या कार्डावर सवलती भरपूर. दुसरी बँक कत्तलखान्याला आणि दारूवाल्याला कर्जच देत नाही. भाऊ म्हणाले, "मग दुसरीचंच घे. सवलती काय चाटायच्यात?"

तिथल्या मॅडम फॉर्म भरता भरता म्हणाल्या, "आमच्याकडे ग्राहकाचा धंदाही विचारतात हं. तुमच्या धंद्यात जीवहत्या होते का?"

भाऊ मुंगी मरेल म्हणून खाली बघून चालतात. पण कपाशीच्या हंगामात आमच्या दुकानातून कीटकनाशक पेट्यांनी जातं. आणि भाऊ खोटं बोलत नाहीत.

"हो की नाही लिहू?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

मी भाऊंकडे बघेचना.

भाऊंनी फॉर्म अलगद ओढून घेतला, घडी करून खिशात घातला आणि उठले.

"चल, त्या पहिल्या बँकेत जाऊ. तिथं कोणी काही विचारत नाही."