केबल नसलेली गाडी

एसटीचा पत्ता नाही. पुडीत सहा शेंगदाणे उरलेले. दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली, म्हशीएवढी फटफटी. हैदराबादकडं निघालेला पुण्याचा पाहुणा.

एसटीची वाट बघत नळदुर्गच्या गॅरेजच्या सावलीत बसलेल्या गजराबाईंचे कान आतल्या लिंबाजी मिस्त्रीकडं आणि त्याच्या लेकीकडं, निकिताकडं लागले होते.

"मूठ पिळली तरी गाडी रांगतीच. एक्सलेटरची केबल गेली असंल."

"आबा, हिला केबलच न्हाय. मुठीतला सेन्सर वायरीतून कॉम्प्युटरला सांगतो, मग मोटर हवेची झडप उघडती."

"चाळीस वर्सं केबली बदलल्या म्या!"

"बदलल्या की. हिची कुठून आणताव?"

"काका, माझ्या गाडीला मुलीला हात लावू देऊ नका. मी टेम्पोनं सोलापूरला नेतो."

"न्या. पण आधी धा मिनिटं मला द्या. न्हाय झाली तर टेम्पोत मीच ढकलून चढवती."

"तू करणार काय?"

"मुठीत दोन सेन्सर असतेत, साहेब. दोघांची साक्ष जुळली न्हाय, की कॉम्प्युटर गाडीला पळूच देत न्हाय. हे बघा, वायरीच्या जोडात, पिनांवर पाणी. धुतली कुणी?"

"काय माहीत. शेजारच्या धाब्यावर मुक्काम होता. उठलो तर गाडी चकाचक."

"आबा, तिकडं काय बघताव? हवेची नळी द्या की."

"घे."

"वाळलं. मारा चावी, पिळा मूठ."

"अरे! पळाली!"

"आबा, हितनं पुढं मोठ्या गाड्या मी बघणार."

"आन म्या?"

"केबलवाल्या."

पहाटे, पाहुण्याची गाडी म्हणून, लिंबाजीनंच ती जोरदार फवाऱ्यानं धुतली होती.