ओला टाक

माझं माहेर चकलांब्याच्या अंगाला, वस्तीवरचं. बाप उजाळा द्यायचा. उजाळा म्हंजे काळी पडलेली जुनी चांदी घासून पांढरी करायची, तोडे, वाळे, कमरपट्टे, देवाचे टाक. बापाला पोरगा न्हाई, आमी तिघी पोरीच, त्यात मी थोरली, मंग मलाच संगं घेऊन फिरायचा. रिठे फोडून उकळायचे, त्या पान्यात चांदी बुडवायची, चिंचंनं चोळायची, मऊ धडप्यानं पुसायची. बाप म्हनायचा, पोरी, आदी वास घे. कुनाला चुलीचा वास येतो, कुनाला खोबऱ्याच्या तेलाचा. बाई गेली तरी तिचा वास चांदीत ऱ्हातो.

लगीन होऊन चौसाळ्याला आले. मालक सहकारी कारखान्यात वॉचमन व्हते, बरं चाललं व्हतं. मंग त्यो दुष्काळ आला. लागोपाठ दोन वर्षं पाऊस न्हाई, ऊस न्हाई तर कारखाना कशाचा, धुराडं थंड, मालक घरी. मंग म्याच पोतं उचललं आन बाजारात हायवेच्या कडंला लिंबाखाली बसले. जुनी चांदी घ्यायची, उजळायची, इकायची. ऊसतोडीला जायच्या आदी बाया यायच्या, पदराखालून काढून द्यायच्या आन मागं न बघता जायच्या. जिथं तोडा व्हता तिथं पायावर पांढरा पट्टा दिसायचा. काय सांगू तुमाला ताई, त्या पट्ट्याकडं मला बघवायचं न्हाई.

तशीच एक दिवस सुनंदा आलती. बावीस-तेवीसची आसंल. रुमालाची गाठ सोडली तर आत काळ्या दोऱ्यात एक टाक, त्याच्यावर बाईचं रूप ठोकलेलं. म्या म्हनलं, बाई, ह्यो तर सवतीचा टाक. आमच्याकडं पहिली बायको मेली की तिच्या नावाचा चांदीचा टाक करत्यात आन दुसरीनं त्यो गळ्यात घालायचा, कदी काढायचा न्हाई. म्या म्हनलं, ह्यो म्या घेत न्हाई. ती म्हनली, घेऊ नगा, नुसता उजळून द्या, लई काळा पडतो. म्या इचारलं, पन काढला कावून? तर तिनं पदर सारला. गळ्याखाली, जिथं टाक टेकायचा, तिथली कातडी पांढरी आन सुरकुतलेली, आपलं बोट लई येळ पान्यात ऱ्हायलं की व्हतं ना, तशी. म्हनली, मावशी, ह्यो वला ऱ्हातो. गावात टँकर चार दिसाला येतो, घरात प्यायला पानी न्हाई, आन माझा गळा वला.

म्या हसले, म्हनलं घाम आसंल. ती हसली न्हाई. पुढच्या बाजारी येते म्हनली आन गेली.

टाक उजळला. चांगला निघाला, चेहरा दिसाया लागला, हनुवटीवर एक खाच व्हती. कापसात गुंडाळून ठिवला. दुसऱ्या दिशी दुपारी बघते तर कापूस भिजलेला आन टाक काळा. परत घासला. परत तेच. मंग म्या पिठाच्या डब्यात खुपसून ठिवला, तर पीठ भिजून गोळा झालं. मालकांनी त्या गोळ्याला हात लावला, म्हनले, हे आपलं काम न्हाई, शेवंता. आन वास यायचा ताई. चुलीचा न्हाई, तेलाचा न्हाई. खोल विहिरीतल्या गाळाचा.

पुढच्या बाजारी सुनंदा आलीच न्हाई. म्या टाक उन्हात वाळाया ठिवला व्हता. एक म्हातारी पोत्याजवळ टेकली, कौसाबाई नाव, आपले वाळे मोडाया आलती. तिची नजर टाकावर गेली आन तिनं त्यो उचलला. ही खाच, म्हनली. सोनाराचा हात चुकलता. माझ्या इंदूचा टाक हाय ह्यो, म्याच तिचा तोडा दिलता ह्यो करायला. म्या इचारलं, कशानं गेली लेक? म्हनली, तापानं, परसाल उन्हाळ्यात. म्या पोचायच्या आत जाळलं व्हतं, जावयानं राख दावली. मंग तिनं टाक नाकाला लावला. म्हनली, बाई, ह्याला राखंचा वास न्हाई.

आमी दोघी तवाच यष्टीनं जावयाच्या गावाला निघालो. पोचलो तवा टळटळीत दुपार, गावात चिटपाखरू न्हाई. सुनंदा दारात, जावई बाजंवर. कौसाबाईनं टाक काढला आन त्याच्या म्होरं सारवलेल्या भुईवर ठिवला. त्याच्याखालची भुई वली व्हऊ लागली. कोरडीठाक भुई, आन तिच्यावर वल पसरत गेली, त्याच्या पायापातुर. त्यानं पाय वर घेतले आन रडाया लागला.

मंग त्यानं सांगितलं. विहीर तळाला गेलती, इंदूला दोरानं खाली सोडायचो, ती वाटीनं घागर भरायची. वरून दरड कोसळली. कुनी उतराया धजलं न्हाई. पहिल्या दिशी खालून घागरीवर ठोकल्याचा आवाज येत व्हता. दुसऱ्या दिशी थांबला. तिसऱ्या दिशी आमी विहीर बुजवली, आन लाजंपोटी तुमाला ताप सांगितला.

कौसाबाईनं शिवी दिली न्हाई, हात उचलला न्हाई. एवढंच इचारलं, कुठं हाय ती विहीर.

गावात पानी सोसायटी व्हती, तिची विहिरीतला गाळ वर ओढायची यारी नुसती पडून व्हती. चेअरमन म्हनला, ठराव करावा लागंल. कौसाबाई त्या बुजवलेल्या जागंवर जाऊन बसली, शेजारी सुनंदा बसली, म्याबी बसले. तिसऱ्या दिशी चेअरमन बिनठरावाचाच यारी घेऊन आला. आठव्या दिशी इंदू लागली. घागर तिच्या मांडीवर व्हती. पोलीस आले, पंचनामा झाला, जावयाला घेऊन गेले.

कौसाबाईनं इंदूच्या पायातली जोडवी माझ्या हातात दिली, म्हनली, अग्नी द्यायच्या आदी उजळून दे. दीड वरीस गाळात पडलेली चांदी, कोळशावानी पायजे. पन ताई, ती पांढरीफेक व्हती. सकाळीच कुनी घासून घातल्यावानी. आन कोमट. म्या रिठ्याचं पानी घेऊन नुसती बसून ऱ्हायले, घासाया कायच नव्हतं.

टाक पुन्हा कदी काळा पडला न्हाई. सुनंदानं आपल्या हातानं गळ्यात घातला. कौसाबाई मरेपातुर तिच्यापाशीच ऱ्हायली, लेकीवानीच केलं तिनं म्हातारीचं. आन त्या विहिरीला पानी लागलं. गावानं महिनाभर त्याला तोंड लावलं न्हाई. मंग दुष्काळच त्यो, लोक पेले. गोड हाय म्हनत्यात. म्या न्हाई पेले.

आता मालक न्हाईत, मला दिसतंय कमी, पोरी खोटी चांदी घालत्यात. तरी कुनी आनलं तर घासून देते, हाताला सवय हाय. उठा आता, तुमची बीडची यष्टी यायची येळ झाली. कुनाचीबी लेक नांदाया गेली आसंल तर तिला सनावाराला चालत, बोलत माहेरी येऊ द्या, दुसरं काय मागू.